आजीच्या ताटावर कोण बसलं?

तुम्ही खोटं बोललात.

वायनाकोता गावातल्या शाळेच्या पटांगणात लाउडस्पीकर लावून तुम्ही खाणकंपनीवाले म्हणालात, "एकेक थडगं नातेवाइकांच्या डोळ्यांदेखत उघडलं जाईल. कुणाचंही हाड इकडचं तिकडे होणार नाही, हा आमचा शब्द आहे." तुम्ही टोपी काढून म्हणालात. मेलेल्यांबद्दल बोलताना टोपी काढायची असते, एवढं तुम्हाला कुणीतरी शिकवलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेनोबियानेही वाजवल्या. आज तेच हात कोपरापर्यंत कणकेत होते आणि शेजारची फिदेलिया भट्टीच्या तोंडाशी उकिडवी बसून तिच्या पावाकडे बघत हसत होती.

"अगं, ही शिडी आहे की रेल्वेचे रूळ? आजी उतरणार आहे की अख्खं बंबवाल्यांचं पथक?"

"आजीचे गुडघे धरायचे. पायऱ्या जवळजवळ ठेवल्यात, म्हणून लांब झाली."

"मेल्यावर गुडघे धरत नाहीत."

"तू कधी मेली होतीस बघायला?"

फिदेलियाने चघळायला कोकाची दोन पानं तोंडात टाकली. सेनोबियाच्या तोंडाला लागून गल्लीतलं कुणी जिंकलेलं नव्हतं. ते तोंड तिला आजीकडून मिळालं होतं.

भट्टी सेनोबियाची. वर्षभर ती गल्लीसाठी पाव भाजायची, पण मृतांच्या सणाच्या आदल्या दिवसापासून तिच्या दारात रांग लागायची. ज्याच्या घरात कुणी गेलेलं, तो पीठ घेऊन यायचा. पावाची बाळं व्हायची, त्यांच्या तोंडावर रंगवलेले मातीचे चेहरे चिकटवायचे. पावाच्या शिड्या व्हायच्या, आभाळातून उतरायला. पावाचे घोडे व्हायचे, परत जाताना शिदोरी वाहायला. नवीन मेलेल्याला तीन वर्षं असं जेवू घालायचं. एक नोव्हेंबरला दुपारी तो घरी येतो, रात्रभर राहतो, दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला थडग्यावर नेऊन पोचवायचं. तिसऱ्या वर्षीचं पोचवणं शेवटचं. ते झालं की घरच्यांनी काळे कपडे उतरवायचे, बँड लावायचा, नाचायचं. जीव सुटला. त्याचाही आणि आपलाही.

प्रिमितिवा आजीचं हे तिसरं वर्ष होतं. सेनोबियाने तीन वर्षं काळा घागरा आणि काळी शाल अंगावरून उतरवली नव्हती. भट्टीच्या राखेने त्या शालीचा रंग उंदराच्या पाठीसारखा झाला होता. नवा हिरवा घागरा तिने पेटीत घडी घालून ठेवला होता. आजीला हिरवा आवडायचा. इथे चार हजार मीटरवर झाड उगवत नाही. हिरवं काही बघायचं तर बायकांच्या अंगावरच.

प्रिमितिवा आजी काही गोड म्हातारी नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ती शिव्या द्यायची. पत्त्यात लबाडी करायची. सेनोबियाला तिने मांडीवर घेऊन गोष्टी सांगितल्या नाहीत. तिला सांगायला वेळ नव्हता. ती खाणीच्या बाहेर, टाकाऊ दगडांच्या डोंगरावर बसायची आणि हातोडीने दगड फोडायची. आतल्या पुरुषांनी फेकून दिलेल्या दगडात कुठे कथलाचा कण राहिलाय का, ते शोधायची. बायकांना खाणीत जाऊ देत नसत. बाई आत गेली की धातूची शीर रुसते, म्हणे. आजी म्हणायची, "शीर कशाला रुसेल? रुसतो तो मुकादम. आपली चोरी बाई बघेल म्हणून."

तिचा मुलगा साबिनो, म्हणजे सेनोबियाचा बाप, आत जायचा. एके दिवशी आत गेला तो आलाच नाही. डोंगर बसला. तेव्हाही कुणीतरी टोपी काढून आलं होतं. तुमच्याआधीचे कुणी असतील. टोपी तीच होती. ते म्हणाले, बोगदा उघडणं धोक्याचं आहे, आम्ही तोंडाला सिमेंट लावतोय, हेच त्याचं थडगं समजा. सेनोबियाची आई पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या देशात कामाला गेली. पहिल्या वर्षी तिने एक कोट पाठवला. नंतर कोटही आला नाही. राहिल्या आजी आणि नात.

आता ही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळं तिच्यावर येऊन थांबतं.

जुन्या दफनभूमीत भिंतीच्या कडेला एक थडगं होतं. क्रूस मोडलेला, नाव नाही. कुणी म्हणे तो रेल्वेखाली आलेला फेरीवाला, कुणी म्हणे पळून आलेला शिपाई. दर वर्षी आजी आपल्या माणसांचं झालं की उरलेला सगळ्यात मोठा घोडा उचलायची, एक ताट भरायची आणि त्या थडग्याशी जाऊन बसायची. सात-आठ वर्षांची सेनोबिया भुकेने कळवळलेली असायची. एकदा तिने पाय आपटला.

"तो आपला कोण लागतो?"

"कुणी नाही."

"मग त्याला कशाला? आपल्यालाच पुरत नाही."

आजीने तिच्याकडे बघितलंही नाही. ताटातल्या बटाट्यांवर शेंगदाण्याचं कालवण ओतत ती म्हणाली, "तुझ्या बापाला आज कोण वाढतंय?"

सेनोबियाने नकारार्थी मान हलवली.

"मलाही ठाऊक नाही. त्या सिमेंटवर ताट ठेवलं तर आत पोचतं की नाही, ते तरी कुणाला ठाऊक? म्हणून मी याला वाढते. कुठेतरी कुणी बाई माझ्या पोराला वाढत असेल. आणि नसेल वाढत, तर तिच्या तोंडात माती पडो. बस खाली. याचं नाव नाही, म्हणून नुसतं 'आलेल्या बाबा, जेव' म्हण."

सेनोबिया बसली. म्हणाली. पुढे दर वर्षी म्हणत राहिली.

आजी मेली ती ऑगस्टच्या थंडीत. इथला हिवाळा तेव्हाच. छातीत खाणीची धूळ भरली होती. आत न जाताही धुळीने तिला सोडलं नाही. मरायच्या आधी महिनाभर ती अंथरुणात बसून लोकर कातत होती, पण उलटी. रोजचं सूत उजव्या पिळाचं. मेलेल्याच्या घोट्यांना बांधायचा धागा डाव्या पिळाचा, म्हणजे जीव वाट चुकत नाही. एक पदर काळा, एक पांढरा. स्वतःचा धागा तिने स्वतः कातला. सेनोबिया चिडली होती, "असलं काही कातू नकोस माझ्यासमोर." आजी म्हणाली, "तू कातशील तर तुटेल. तुझा पीळ नेहमी सैल. आणि नीट गाठ मार हं. जन्मभर चुकीच्या वाटेने गेले, आता तरी सरळ जाऊ दे."

सेनोबियाने नीट गाठ मारली. तीन वेळा. पायांत आजीच्या त्याच टायरच्या चपला होत्या. जन्मात तिने बूट घातला नव्हता.

यंदाच्या हिवाळ्यात तुम्हाला खाणीच्या गाळाचा बांध उंच करायचा होता. बांधाच्या वाटेत मेलेले आले. तुम्ही पटांगणात शब्द दिलात, टाळ्या घेतल्यात, आणि आठवड्याने सकाळी लोक उठून बघतात तर दफनभूमीभोवती जाळीचं कुंपण. आत निळ्या ताडपत्र्या आणि यंत्रांचे आवाज. फाटकावरचा माणूस म्हणाला, आत वायू आहे, धोका आहे, नातेवाइकांनी आपापल्या घरी थांबावं. सेनोबिया थांबली नाही. ती कुंपणाशी उभी राहिली. तिला दिसली फक्त ताडपत्री, वाऱ्याने फुगणारी.

मग नवी दफनभूमी झाली. गावाबाहेर, सिमेंटच्या भिंती, भिंतीत ओळीने खण, प्रत्येक खणावर पांढरा गिलावा आणि त्यावर काळ्या रंगात नाव. 'प्रिमितिवा कालिसाया.' सगळ्यात खालच्या ओळीत. अक्षर असं सुंदर की बघत राहावं. सेनोबियाने त्या नावावर हात ठेवला होता आणि तिला काहीच वाटलं नव्हतं. तिला वाटलं, सिमेंट गार असतं म्हणून असेल.

शिड्या भट्टीत गेल्या तेव्हा माकारिओ आला. माकारिओ सेनोबियाचा चुलतभाऊ. हिवाळ्यात कुंपणाच्या आत त्याला मजुरी मिळाली होती आणि काम संपल्यावर नव्या दफनभूमीवर पहारेकऱ्याची नोकरी. गणवेश होता, शिट्टी होती. तोंडाला मक्याच्या दारूचा वास होता.

"पावाचं बाळ दे एक," तो म्हणाला.

"प्रार्थना म्हण, मग मिळेल."

"आजीसाठीच म्हणायला आलो." तो म्हणाला आणि उभाच राहिला. भट्टीच्या उजेडात त्याचा चेहरा घामेजला होता. "कोणतं नाव घेऊ?"

"जास्त प्यायलास का? आजीचं नाव विसरलास?"

"नाव नाही विसरलो." माकारिओ पिठाच्या पोत्यावर बसला. "सेनोबिया, त्या खणात कोण आहे मला ठाऊक नाही."

फिदेलियाच्या हातातली निखारे सारायची काठी थांबली.

"यंत्राच्या बादलीने एकदम उचललं गं सगळं. माती, पेट्या, माणसं. ताडपत्रीवर ढीग. मुकादम म्हणाला, प्रत्येक पेटीत एक डोकं, दोन पाय आणि बाकी बसेल ते. वरून नाव. नावं जास्त होती आणि वेळ कमी."

"आणि नावं कोण लिहीत होतं?"

"शहरातून पेंटर आणला होता." माकारिओने नाक पुसलं. "काय अक्षर होतं त्याचं!"

सेनोबियाने काही फेकून मारलं नाही. तिने भट्टीतून शिडी बाहेर काढली, तिची एक पायरी तडकली होती ती पाण्याच्या हाताने सांधली आणि परत आत सारली. मग म्हणाली, "ऊठ त्या पोत्यावरून. ते पीठ लोकांचं आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने घरात टेबल मांडलं. काळं कापड, उसाची दोन कांडकी, मेणबत्ती, शिडी, घोडा, बाळं. वाळवलेले काळे बटाटे आणि शेंगदाण्याचं कालवण. आणि मधोमध सार्डिन माशांचा डबा, उघडलेला. आजीचा आयुष्यातला एकमेव शौक. समुद्र तिने पाहिला नव्हता, पण डब्यातलं तेल पावाने पुसून खाताना म्हणायची, "ज्यांच्याकडे समुद्र आहे ते लोक काय मस्त जगत असतील!"

बारा वाजले आणि एक माशी आली. छोटीशी. खिडकीतून आली, टेबलावर एक घिरटी घातली आणि नेमकी डब्याच्या काठावर बसली.

"आली!" फिदेलिया कुजबुजली. "आजी आली गं! कुठे बसली बघ. सवय काही जात नाही बाईची."

माशीला हात लावायचा नसतो. त्या दिवशी पाहुणा त्याच रूपाने येतो. सेनोबिया समोर बसली आणि बोलली, "ये. गुडघे कसे आहेत?" आणि मग तिला उद्याची दुपार आठवली. घरचा रस्ता आजीला ठाऊक होता, ती आली. पण उद्या दुपारी हिला परत कुठे पोचवायचं? जिथून उठून आली, ती जागा तर गाळाखाली गेली. धागा बांधलेले पाय एकीकडे, नाव दुसरीकडे. उद्याचं पोचवणं शेवटचं. चुकलं तर ही बाई ना घरची राहील, ना तिथली.

माशी संध्याकाळपर्यंत होती. नंतर दिसली नाही.

दोन तारखेला सकाळी सेनोबियाने सगळं गाठोड्यात बांधलं. वर हिरवा घागरा ठेवला, बदलायला. आणि घागऱ्याखाली आजीची हातोडी.

नव्या दफनभूमीच्या फाटकाशी तुमची माणसं टेबल लावून बसली होती. तुम्ही प्रत्येक कुटुंबासाठी पाव पाठवला होता. शहरातल्या बेकरीचा, प्लास्टिकच्या पिशवीत, पावाच्या बाळाच्या छातीवर तुमचं बोधचिन्ह. लोक रांगेने घेत होते. टेबलामागे लोकसंपर्काचा साहेब उभा होता, पंचविशीचा असेल, नवंकोरं जाकीट, गोड बोलणं. त्याने सेनोबियापुढे पिशवी धरली.

"ताई, आमच्यातर्फे. तुमच्या मृतांसाठी."

"आमचे मृत कुठे आहेत ते सांगा, मग पाव द्या."

तो हसला. त्याला वाटलं, गावची बाई थट्टा करतेय.

खणांपुढे माणसांची गर्दी होती. कापडं अंथरली जात होती, ऊस उभे केले जात होते, बँडवाले तोंडं पुसत होते. सेनोबियाने खालच्या ओळीपुढे गाठोडं ठेवलं. बसली. 'प्रिमितिवा कालिसाया' वाचलं. मग हातोडी काढली.

माकारिओची शिट्टी वाजली. तो धावत आला. "सेनोबिया! वेडी झालीस का? ते उघडायचं नसतं. माझी नोकरी आहे!"

"माझी आजी आहे."

"माझी पण होती," तो हळूच म्हणाला.

"मग तिकडे तोंड करून उभा राहा."

माकारिओने तिच्याकडे पाठ केली. गणवेशातली ती पाठ भिंतीसारखी उभी राहिली. आयुष्यात त्याने आजीसाठी केलेली ती एकच गोष्ट, आणि तीही पाठ फिरवून.

दगड कुठे ठोकला की फुटतो ते सेनोबियाच्या मनगटाला ठाऊक होतं. लहानपणी तिनेही त्या डोंगरावर बसून तेच केलं होतं. तुमचा गिलावा तीन घावांत पडला. मागे एका विटेची भिंत; त्या विटा तिने सोडवल्या. सुंदर अक्षरांचे तुकडे तिच्या मांडीवर पडले. आतून तिने पेटी ओढली. प्लायवूडची, लहान मुलाची असावी एवढी.

बँडवाल्यांनीही वळून पाहिलं.

झाकण उचललं. आत एक डोकं होतं. त्याखाली दोन रबरी बूट.

खाणवाल्याचे बूट. पुरुषाचे, मोठे, पोटऱ्यांपर्यंतचे. त्यांत पाय तसेच होते. सेनोबियाने दोन्ही घोट्यांशी हात घालून पाहिलं. धागा नव्हता. काळा नव्हता, पांढरा नव्हता, डावा नव्हता, उजवा नव्हता. उजव्या बुटाला टाचेशी सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं, कडा नीट घासून, काळजीने चिकटवलेलं.

"बूट घालून पुरलाय," फिदेलिया तिच्या खांद्यावरून म्हणाली. मग तिचा आवाज खाली गेला. "सेनोबिया... तुझा बाप तर नसेल?"

"बाप बोगद्यात आहे. त्याला काढायला यांना यंत्रं मिळाली नाहीत. आजीला काढायला मिळाली."

सेनोबिया उठली. तिने आजूबाजूच्या लोकांकडे पाहिलं. शेकडो खण, शेकडो सुंदर नावं. तिच्या हातात हातोडी होती. तिने ती फिदेलियापुढे धरली. फिदेलियाचा नवरा वरच्या ओळीत होता. म्हणजे त्याचं नाव होतं.

"घे."

फिदेलिया मागे सरली. "माझा उघडू नकोस."

"तुला बघायचं नाही?"

"नाही." फिदेलिया रडत नव्हती, तिचे ओठ नुसते पांढरे पडले होते. "माझा मुलगा त्यांच्याकडे कामाला आहे. आणि... मला वाटतं तो आतच आहे. मला तेवढं वाटू दे."

बाकीच्यांनी आपापल्या कापडांकडे नजरा वळवल्या. कुणी मेणबत्ती नीट केली, कुणी ऊस. एकानेही हातोडी घेतली नाही. यांना भित्रे म्हणायचं असेल तर म्हणा. पण यांना भित्रं करण्याचा कारखाना कुणाचा आहे, तेही म्हणा.

लोकसंपर्काचा साहेब आला. पेटीत डोकावला, चटकन मान वळवली. आवाज मात्र गोडच.

"ताई, मी तुमच्या भावना समजू शकतो. एवढ्या मोठ्या कामात एखादी तांत्रिक गोष्ट... पण शेवटी श्रद्धा महत्त्वाची, नाही का? तुम्ही इथे प्रार्थना केलीत तरी पोचेल. देवाला सगळ्यांचे पत्ते माहीत असतात."

"देवाला असतील," सेनोबिया म्हणाली. "आजीला नाहीत."

"आपण ऑफिसमध्ये बसून बोलू. सोमवारी या."

"आजीला दुपारी जायचंय."

सूर्य डोक्यावर येत होता. म्हातारा तिबुर्सिओ काठी टेकत आला. त्याला फार दिसत नव्हतं. गावातल्या सगळ्या मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणायची आणि मिळेल तो पाव झोळीत टाकायचा, हे त्याचं काम. तो सवयीने सेनोबियाच्या कापडापुढे थांबला, टोपी काढली.

"वेळ झाली पोरी. कुणाच्या नावाने म्हणू?"

सेनोबियाने खाली पाहिलं. पुढे गाठोडं होतं. त्यात जवळजवळ पायऱ्यांची शिडी, दुसऱ्याच्या गुडघ्यांसाठी केलेली. सार्डिनचा दुसरा डबा, दुसऱ्याच्या जिभेसाठी आणलेला. ते सगळं उचलून घरी जावं, किंवा साहेबाच्या जाकिटावर ओतावं. दोन्ही तिच्या मनात आलं, आणि दुसरं जास्त वेळ राहिलं.

मग तिची नजर त्या ठिगळावर गेली. कुणीतरी कडा घासल्या होत्या. कुणीतरी बसून, दिव्याशी धरून, फुंकर मारून ते चिकटवलं होतं. ती कुणी बाई आज कुठल्या खणापुढे बसली असेल, कुणाच्या हाडांना आपला माणूस समजून?

"उपाशी पाठवायचं का याला?" ती मोठ्याने म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिचं तिला.

तिने कापड अंथरलं. पेटी कापडाच्या वरच्या टोकाला ठेवली, पाहुण्याला जागा देतात तशी. बूट सरळ केले. बटाटे वाढले, कालवण ओतलं, शिडी उभी केली, सगळ्यात मोठा घोडा पुढे ठेवला. डबा उघडताना तिच्या बोटाला पत्रा लागला, रक्त आलं. ते तिने शालीला पुसलं.

"तिबुर्सिओबाबा, बुटवाल्याच्या नावाने म्हणा. नाव नाही. 'आलेला बाबा' म्हणा."

तिबुर्सिओने मान हलवली. "तुझी आजी असंच म्हणायची," तो म्हणाला आणि प्रार्थना सुरू केली. हळूहळू दोघं-तिघं मागे येऊन उभे राहिले. माकारिओही, पाठ करूनच.

एक माशी आली. मोठी, निळी, गुणगुणणारी. ताटावर बसली आणि दोन्ही पाय चोळू लागली. सेनोबियाने तिच्याकडे नीट पाहिलं. ही आजी नव्हती. आजी एवढी मोठी नव्हती, आणि आजी आधी डब्यावर बसली असती.

"जेव बाबा," ती म्हणाली. "मासे आहेत. माझ्या आजीचे आहेत, पण तू जेव."

प्रार्थना संपली. तिने पाव वाटला. तिबुर्सिओला, मागे उभ्या राहिलेल्यांना, माकारिओला. साहेबाने अवघडून हात पुढे केला, हसत, "आणि मला?"

"तुम्ही प्रार्थना म्हटली नाहीत," सेनोबिया म्हणाली आणि पावाचं बाळ गाठोड्यात परत ठेवलं.

बाजूच्या कापडांवर बँड सुरू झाला. तीन वर्षं पुरी झालेल्या बायकांनी काळ्या शाली उतरवल्या, कुणी लाल, कुणी पिवळं नेसल्या, आणि सिमेंटच्या त्या गल्ल्यांतून नाचत निघाल्या. फिदेलियाने गाठोड्यातला हिरवा घागरा उचलून सेनोबियाच्या हातात दिला. सेनोबियाने तो पेटीतल्या बुटांवर पांघरला, झाकण लावलं, पेटी खणात सरकवली. विटा परत रचल्या. तुमच्या पेंटरच्या अक्षरांचे तुकडे मात्र तिने तसेच खाली पडू दिले. काळी शाल तिने डोक्यावर ओढून घेतली.

त्या सोमवारी ती तुमच्या ऑफिसात आली. साहेब बाहेरगावी गेले होते. पुढच्या सोमवारी मीटिंग होती. सोमवार हा मेलेल्यांचा वार. ती म्हणते, मला चालतो. आता दर सोमवारी ती तुमच्या फाटकासमोर बसते, आजी जशी दगडांच्या डोंगरावर बसायची तशी, मांडी घालून, काळ्या शालीत, हातोडी पुढ्यात. तुमच्या गाड्या तिला वळसा घालून जातात. काचा वर असतात. तुम्ही बघता, हे तिला दिसतं.

ती पैसे मागत नाही. माफीही मागत नाही. तिने तुमच्या बुटवाल्याला जेवू घातलं, वाटेला लावलं, त्याच्यावर घागरा घातला. तिच्याकडचं तिने केलं. आता तुमच्याकडचं सांगा.

डाव्या पिळाचा धागा बांधलेले दोन लहान पाय, टायरच्या चपला. कुठल्या खणात आहेत? कुणाच्या नावाखाली? की बांधाच्या गाळात? आणि त्या दिवशी दुपारी, सगळं गाव जेवत असताना, प्रिमितिवा आजीला कुणी वाढलं?

बोला.